तिन्ही फाइल्स बघितल्या का?

परवा आईचा फोन आला. "माळा काढलाय आवरायला. तुझी ती निळी बॅग फेकून देऊ का?" आमच्या घरी 'फेकून देऊ का' हा प्रश्न नसतो, ती नोटीस असते. म्हणून शनिवारी सकाळी, जेव्हा सगळं जग झोपलेलं असतं तेव्हा, उठून डोंबिवली गाठली.

बॅगेत अपेक्षित ऐवज निघाला. एमएस्सीच्या वह्या, बटणं पुसट झालेला कॅसिओ, एका मित्राचं कधीच परत न केलेलं क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक (मित्रा, वाचत असशील तर माफ कर), आणि एक सीडी. सीडीवर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं: 'आरगॉन, ३ स्कॅन'. ते वाचलं आणि पोटात काहीतरी हललं. का, ते लगेच आठवलं नाही. कधीकधी आधी पोटाला आठवतं आणि मग डोक्याला.

तर मंडळी, आज थोडं फिजिक्स. घाबरू नका, गणित नाही. मीही ते केव्हाच विसरलोय.

गोष्ट २००६ ची. एमएस्सीचं दुसरं वर्ष, प्रोजेक्टचं सेमिस्टर. लॅबमध्ये एक पीएचडी करणारा सिनियर होता, सगळे त्याला दादाच म्हणायचे. दादा पोटॅशियमच्या संयुगांवर काम करत होता. म्हणजे काय, तर पदार्थावर क्ष-किरण सोडायचे, त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची, आणि कुठल्या ऊर्जेला किती किरण गिळले जातात ते मोजायचं. यासाठी लागतो सिंक्रोट्रॉन, आणि दादा तेवढ्यासाठी परदेशात जाऊन आठवडाभर रात्रीचा दिवस करून डेटा घेऊन आला होता. त्यात आरगॉन वायूचेही तीन स्कॅन होते. आरगॉन त्याच्या अभ्यासाचा विषय नव्हता. आरगॉनचा के-एज कुठे येतो हे पक्कं माहीत आहे, ३२०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणून यंत्राची पट्टी बरोबर लागली आहे ना हे तपासायला तो वापरला होता. दुकानात वजनकाट्यावर आधी एक किलोचं माप ठेवून बघतात ना, तसं.

माझ्याकडे काम आलं प्रोग्रॅमिंगचं. (तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं मी पुढे काय करणार.) कच्च्या फाइलमधून नीटनेटका आलेख काढून द्यायचा: खालचा उतार वजा करायचा, वरचा भाग एकवर आणायचा, मधला गोंगाट पुसायचा. मी सी मध्ये एक प्रोग्रॅम लिहिला, ज्यात शेजाऱ्यांच्या सरासरीपासून फार लांब गेलेला बिंदू दिसला की त्याला ओढून सरासरीवर बसवायचं. दोन दिवसांत जमला आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

आरगॉनच्या आलेखात एजच्या वर वीसएक व्होल्टवर एक छोटंसं उचललेलं काहीतरी होतं. टेंगूळ म्हणा. उंची फार नाही, एजच्या उडीच्या काही टक्के. प्रोग्रॅमने त्यातलं अर्धं पुसलं. उरलेलं मी हाताने पुसलं. हो, फाइल उघडून, आकडे बदलून. पुस्तकातल्या आकृतीत एजच्या पुढे सपाट रेघ होती आणि माझी रेघ सपाट नव्हती, एवढंच कारण.

दादाने प्रिंटआउट बघितला. दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "इथे काहीतरी होतं ना रे? मला तिथे स्क्रीनवर दिसल्यासारखं वाटलं होतं."

"नॉइज होता."

"तिन्ही फाइल्स बघितल्या का?"

"हो."

मी एकच बघितली होती.

पुढचं कळायला मला बरीच वर्षं लागली, कारण सहा महिन्यांत मी कॅम्पसमधून एका कंपनीत लागलो आणि फिजिक्स संपलं. ते टेंगूळ काय होतं, ते आता सांगतो.

आरगॉनच्या अणूत अठरा इलेक्ट्रॉन. सगळ्यात आतल्या घरात दोन, मधल्यात आठ, बाहेरच्यात आठ. बाहेरचं घर भरलेलं असल्यामुळे कोणाशी देणंघेणं नाही. म्हणूनच निष्क्रिय वायू, किंवा हल्लीच्या शब्दात राजवायू (हे मला जास्त आवडतं, काम न करणाऱ्याला राजा म्हणायची आपली जुनीच परंपरा आहे). आरगॉन हे नावच मुळी ग्रीकमध्ये 'आळशी' अशा अर्थाचं.

आता पुरेशा ऊर्जेचा क्ष-किरण आला की तो आतल्या घरातल्या दोघांपैकी एकाला उचलतो आणि बाहेर भिरकावतो. तोच एज. पुस्तकात इथे गोष्ट संपते, कारण पुस्तकात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या खोलीत कडी लावून बसलेला असतो. एकाला नेलं तर इतरांना पत्ता नाही. आमच्या सोसायटीसारखं.

प्रत्यक्षात अणू वाड्यासारखा आहे. आतला इलेक्ट्रॉन गेला की बाहेरच्यांना केंद्रकाचा धनभार जवळजवळ एकाने वाढल्यासारखा भासतो, कारण मध्ये झाकायला होता तो गेला. आरगॉनचं एका क्षणात पोटॅशियमसारखं काहीतरी होऊन बसतं. बाहेरचे सगळे आत ओढले जातात, आणि या धक्क्यात कधीकधी त्यांच्यातलाही एखादा आपल्या जागेवरून उडून वरच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. एक फोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. गंमत म्हणजे फोटॉन हात एकालाच लावतो. दुसरा हलतो तो फक्त दोघांच्या आपसातल्या नात्यामुळे. ते नातं नसतं तर हे घडलंच नसतं. म्हणून या गोष्टीला किंमत आहे: इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात हे सरळ मोजता येत नाही, पण हे टेंगूळ म्हणजे त्या वागण्याची पावती असते.

हिशोबही सोपा आहे. आतल्याला काढायला ३२०६. बाहेरच्या घरातल्या एकाला वर चढवायला आणखी वीसएक. म्हणजे जे काही दिसायचं ते ३२२५ च्या आजूबाजूला दिसायला हवं. माझं टेंगूळ कुठे होतं? बरोब्बर तिथेच.

असली दुहेरी उत्तेजित अवस्था टिकते किती? आतली रिकामी जागा आरगॉनमध्ये साधारण एक फेम्टोसेकंद राहते. सेकंदाचे एकावर पंधरा शून्य एवढे तुकडे करा, त्यातला एक. एवढ्यात बाहेरचा कोणीतरी खाली येऊन ती जागा भरतो आणि त्यातून सुटलेली ऊर्जा बहुतेक वेळा आणखी एका इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलते. इतक्या अल्पायुषी गोष्टीची रेषा बारीक येऊच शकत नाही, ती पसरट येते. पसरट आणि बुटकी रेषा म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या भाषेत 'नॉइज'.

आणि हे सगळं दिसायला वायूच का लागतो? कारण घन पदार्थात बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंवर आपटून परत येतो आणि त्यामुळे एजच्या वर लाटाच लाटा दिसतात. त्या लाटांत हे टेंगूळ बुडून जातं. आरगॉनचा अणू एकटा. शेजार नाही, लाटा नाहीत. जे दिसेल ते त्याचं स्वतःचं.

हे काही कोणाला माहीत नव्हतं असं नाही, हा सगळ्यात लाजिरवाणा भाग. आरगॉनच्या के-एजच्या वरच्या या रचना श्नॉपर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दुहेरी उत्तेजन म्हणून छापल्या होत्या. १९८३ मध्ये डेस्लाट्स आणि मंडळींनी त्या पुन्हा खोलात जाऊन अभ्यासल्या. लायब्ररीत फिजिकल रिव्ह्यूचे बांधीव खंड धूळ खात पडले होते. मी त्या रॅकखाली बसून डबा खायचो!

१९६३ हे वर्ष या विषयात एकूणच जोरदार. अमेरिकेत वॉशिंग्टनला नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये मॅडन आणि कॉडलिंग या दोघांनी सिंक्रोट्रॉनचा प्रकाश हीलियममधून पाठवला. हीलियममध्ये इलेक्ट्रॉन दोनच. एक काढायला २४.६ व्होल्ट पुरतात. यांना ६० व्होल्टच्या वर रेषा सापडल्या, जिथे दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम वर चढलेले असतात. आणि रेषांचा आकार विचित्र: एका बाजूला फुगलेल्या, दुसऱ्या बाजूला खचलेल्या. हा आकार का येतो ते उगो फानोने आधीच सांगून ठेवलं होतं. फानो म्हणजे रोममध्ये फर्मीच्या हाताखाली तयार झालेला माणूस. बॉयटलरला १९३५ मध्ये राजवायूंच्या वर्णपटात अशा तिरप्या रेषा दिसल्या होत्या, त्यावर फानोने त्याच वर्षी इटालियनमध्ये लेख लिहिला आणि १९६१ मध्ये तोच विचार वाढवून इंग्रजीत मांडला. मुद्दा असा की इलेक्ट्रॉन बाहेर पडायला दोन वाटा आहेत: थेट, किंवा आधी दोघांनी वर चढायचं आणि मग एकाने खाली येऊन दुसऱ्याला हाकलायचं. कोण कुठल्या वाटेने आला हे ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात. एका बाजूला बेरीज, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. म्हणून तिरपी रेषा.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. अपेक्षा अशी होती की रेषांच्या दोन मालिका दिसतील, दोन्ही साधारण सारख्या ठळक. एकीत हा इलेक्ट्रॉन या कक्षेत आणि तो त्या कक्षेत, दुसरीत त्याच्या उलट. फोटोग्राफिक प्लेटवर दिसली एक ठळक मालिका आणि दुसरी जेमतेम. कूपर, फानो आणि प्राट्स यांनी त्याच वर्षी सांगितलं की तुमची लेबलंच चुकीची आहेत. 'हा इथे, तो तिथे' असं म्हणताच येत नाही. दोघे मिळून एकच काहीतरी नाचतायत. एका नाचाला प्रकाश जोरात प्रतिसाद देतो, दुसऱ्याला नाही. २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हीलियमची ती तिरपी रेषा आकार घेताना प्रत्यक्ष काळात टिपली. तिचं आयुष्य सतरा फेम्टोसेकंद. आमच्या आरगॉनच्या मानाने शतायुषीच.

हीलियमचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. मागे ऑफिसच्या ग्रुपबरोबर विजयदुर्गला गेलो होतो. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि ठोकून सांगतात की १८६८ मध्ये लॉकियरने इथूनच ग्रहण बघून हीलियम शोधला. ऐकायला छान वाटतं, पण तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियर इंग्लंडमध्येच. त्याने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये घरबसल्या, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला तो आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅमसेला हीलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती. मी हे बसमध्ये सांगितलं तर सगळे म्हणाले, तुला काय प्रॉब्लेम आहे? असो.

मूळ मुद्द्यावर येतो. सीडी. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, अख्ख्या घरात कोणाकडेच नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांचा जुना डेस्कटॉप कामी आला. वाचेल असं वाटलं नव्हतं. वाचली. तीन कच्च्या फाइल्स, आणि चौथी माझी, 'फायनल'. पेन ड्राइव्हवर घेतल्या, घरी येऊन चारही एकावर एक काढल्या. पायथनच्या दहा ओळी.

तिन्ही स्कॅनमध्ये टेंगूळ होतं. त्याच जागी. त्याच उंचीचं.

नॉइज म्हणजे काय हे मला आता रोजच्या पोटापाण्यामुळे माहीत आहे. नॉइज तीनदा त्याच जागी येत नाही. एवढी साधी तपासणी होती, आणि ती कर असं मला माणसाने स्पष्ट विचारलं होतं. ऑफिसमध्ये एखादी टेस्ट कधी पास कधी फेल होते, तेव्हा नवीन पोरं 'फ्लेकी आहे' म्हणून री-रनचं बटण दाबतात, आणि मी त्यांना वीस मिनिटांचं लेक्चर देतो. सीडी बघितल्यापासून ते लेक्चर घशात अडकतं.

चौथ्या फाइलची रेघ अगदी सपाट. सुंदर दिसते, खोटं कशाला बोलू.

बरं, नुकसान काय झालं? आरगॉन फक्त पट्टी लावण्यापुरता होता, आणि एजची जागा बरोबरच होती. पट्टीला धक्का नाही. पण दादाच्या पोटॅशियमच्या आलेखांत एक भूत होतं. विश्लेषण केलं की पोटॅशियमच्या इतक्या जवळ एक शेजारी अणू असल्यासारखा दिसायचा, की तिथे कुठलाच अणू मावणं शक्य नाही. महिनोन्‌महिने तो त्या भुताच्या मागे होता. बॅकग्राउंड बदलून बघ, खिडकी बदलून बघ. पोटॅशियम म्हणजे आरगॉनचा शेजारी, एकोणीस नंबरचा. त्याच्यातही आतला इलेक्ट्रॉन काढताना बाहेरचा हलतोच. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला कोद्रे, आर्चोन वगैरे मंडळींनी पोटॅशियमची वाफ करून नेमकं हेच मोजलंय, आणि अशी दुहेरी उत्तेजनं हिशोबात धरली नाहीत तर विश्लेषणात खोटे आकार उगवतात हेही दाखवलंय. दादाचं भूत म्हणजे तेच होतं का? छातीठोकपणे नाही सांगू शकत. अशी भुतं चुकीच्या बॅकग्राउंडमुळेही येतात. पण आरगॉनचा आलेख भिंतीवर टेंगळासकट लागला असता तर रोज डोळ्यांसमोर राहिला असता, आणि दादासारख्या माणसाने दोन आणि दोन चार केले असते असं मला वाटतं. भिंतीवर लागला होता तो माझा.

एक गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. आरगॉनचा शोधच मुळी असा लागलेला आहे. कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेतला सगळा नायट्रोजन ठिणग्या पाडून पाडून संपवला, आणि शेवटी एक बुडबुडा उरला. एकूण नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही. कशाचा ते त्याला कळलं नाही. शंभरावर वर्षांनी रॅलेला दिसलं की हवेतून काढलेला नायट्रोजन आणि रसायनांतून बनवलेला नायट्रोजन यांच्या वजनात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतोय. त्याने १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून सरळ विचारलं की कोणाला काही सुचतंय का. १८९४ मध्ये रॅमसे आणि तो मिळून उत्तरापर्यंत पोचले: तो बुडबुडा म्हणजे आरगॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का. कॅव्हेंडिशला उत्तर माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण त्याने बुडबुडा लिहून ठेवला.

रविवारी दुपारी दादाला फोन केला. नंबर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. तो आता एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो. पीएचडी पूर्ण झाली, पण दोन वर्षं उशिरा. त्या भुतावर प्रबंधात एक वाक्य आहे, 'बॅकग्राउंड वजावटीतली त्रुटी' अशा अर्थाचं. आधी घरच्यांची चौकशी झाली. मुलगी दहावीला आहे. तिकडे पाऊस लांबलाय. माझी गाडी कुठली, फ्लॅट केवढ्याला घेतला. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नॉइज नव्हता, तिन्हीत होतं, मी एकच बघितली होती, आणि अर्धं हाताने पुसलं होतं.

पलीकडे शांतता. मागे कुठेतरी मिक्सर चालू होता.

"मी विचारलं होतं तुला," दादा म्हणाला.

"हो दादा."

"तिन्ही फाइल्स बघितल्या का म्हणून."

"हो."

पुन्हा मिक्सर. मला वाटलं आता ठेवणार फोन. आणि ठेवला असता तरी काही म्हणायला तोंड नव्हतं.

"कच्च्याच आहेत ना? तुझा तो प्रोग्रॅम न लावलेल्या?"

"हो, जशाच्या तशा."

"पाठव."

पाठवल्या. पोचल्याचं उत्तर नाही, काही नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी रात्री साडेअकराला मेसेज आला. फोटो होता, आलेखाच्या वहीचा. तो अजूनही आधी हाताने काढून बघतो. तीन रंगांच्या पेनांनी तीन स्कॅन, आणि टेंगळाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. खाली एकच ओळ:

"३२२५ ला एक आहे का दोन? मला दोन वाटतायत. तू फिट करून बघ. आणि या वेळी तिन्ही."